घाट, आरती की खोलीकरण? आटलेल्या नदीबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न असा होता, थोडक्यात परत मांडतो. गावाची नदी आहे, म्हणजे मोठा ओढाच म्हणा, लहानपणी ती होळीपर्यंत वाहायची आणि आता दिवाळीचा फराळ संपायच्या आत आटते. यात्रा कमिटीने ११ लाख रुपये जमवलेत. एक गट म्हणतो घाट बांधू आणि दर पौर्णिमेला आरती सुरू करू, लोक जोडले जातील. दुसरा गट म्हणतो जेसीबी लावून २ किलोमीटर पात्र खोल आणि रुंद करून टाकू. तिसरा शिकलेला गट म्हणतो आरतीबिरती थोतांड आहे. वर कुणीतरी ग्रामसभेत नदीला 'जिवंत व्यक्ती' जाहीर करायचा ठरावही सुचवलाय. आणि शेवटी विचारलंय की श्रद्धेने नदी वाहती होते का, खरं काय ते सांगा.

मी भूजलाचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, पुणे-सातारा-सांगली-सोलापूर या पट्ट्यातल्या छोट्या नद्या, ओढे आणि मुख्यतः विहिरी. त्यामुळे माझं उत्तर थोडं विहिरीच्या तोंडाने येणार हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्यात भांडण आरती की जेसीबी असं चाललंय पण दोन्ही गटांनी एकच गोष्ट धरून ठेवलीय, की नदी म्हणजे ते पात्र. पावसाळ्यात ठीक आहे, पाणी वरून येतं आणि पात्रातून जातं. पण ऑक्टोबरनंतर जी नदी वाहते ती कुठून येते? आभाळातून तर येत नाही. ती दोन्ही अंगच्या रानातून, डोंगराच्या पोटातून, मुरुमातून पाझरत येते. तुमच्या विहिरीला ज्या थरातून झरे लागतात ना, त्याच थराचं उरलेलं पाणी म्हणजे हिवाळ्यातली नदी. उरलेलं हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण सगळ्यांनी मिळून उपसल्यावर जे उरतं ते नदीला.

आपल्याकडे बहुतेक महाराष्ट्राखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. थरावर थर. वर माती, खाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकाभोकांचा दगड, लागतो, कुठे अख्खा काळा दगड, मध्येच गेरूसारखा लाल पट्टा. पाणी साठतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगा-सांध्यांत, आणि ते फार थोडं साठतं, वाळूच्या प्रदेशासारखं नाही. पूर्वी विहिरी ३०-४० फूट असायच्या आणि मोट होती, नंतर ५ एचपीची मोटर आली, तरी थोडं पाणी खाली राहायचंच. नंतर बोअर आले, २०० फूट, ४०० फूट, आता ८०० फुटांच्या गोष्टी ऐकतो. पाण्याची लेव्हल एकदा नदीच्या तळाच्या खाली गेली की उलटं होतं, रान नदीला पाणी द्यायच्या ऐवजी नदीच रानाला पाणी द्यायला लागते. पावसाळ्यात आलेलं पात्रातलं पाणी बघता बघता खाली उतरतं. तुमची नदी दिवाळीला आटते त्याचं बहुधा हेच कारण आहे, पण बहुधा म्हणतोय. वर धरण किंवा मोठा तलाव झाला असेल, किंवा तुम्ही मुळातच कमी पावसाच्या भागात असाल आणि वरच्या अंगाला ओळीने बंधारे झाले असतील, तर हिशोब वेगळा. ते तुम्ही लिहिलेलं नाही.

एक गणित करून दाखवतो, ढोबळ आहे पण डोळे उघडणारं आहे. समजा तुमच्या गावाच्या हद्दीत नदीला पाणी देणारं क्षेत्र १००० हेक्टर आहे आणि पाऊस ६०० मिमी. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लीटर. म्हणजे सगळा मिळून ६०० कोटी लीटर पाऊस पडला. त्यातलं १० टक्के जमिनीत खोल मुरलं असं धरू, आपल्या दगडात याच्या आसपासच मुरतं, म्हणजे ६० कोटी लीटर. आता पाट पाण्यावरचा ऊस, पावसाचं सोडून वरून द्यावं लागणारं पाणी हेक्टरी दीड कोटी लीटर धरा. ४० हेक्टर ऊस झाला की ६० कोटी संपले. ४० हेक्टर म्हणजे १०० एकर. हजार हेक्टरच्या शिवारात १०० एकर ऊस, म्हणजे काहीच नाही, आणि तेवढ्यात अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी गेलं, प्यायला नाही, ज्वारीला नाही, नदीला तर नाहीच. ठिबक केलं तर बरंच वाचतं हे खरंय, पण वाचलेल्या पाण्यावर पुढच्या वर्षी अजून २० एकर ऊस लागतो हेही खरंय, मी पाहिलंय.

आता जेसीबीवाल्या गटाबद्दल. इथे मला स्वतःची एक चूक सांगायला पाहिजे. कामाला लागून चारपाच वर्षं झाली असतील, एका गावात मीच सांगितलं होतं की डोहाजवळचा भाग खोल करा, साठवण वाढेल. गाव हौशी होतं, मशीन आलं, दीड दिवसात ८-९ फूट खाली गेले. त्या डोहाच्या तळाला चिकट गाळाचा आणि त्याखाली अखंड दगडाचा एक पापुद्रा होता, त्याच्यावर शेकडो वर्षं ते पाणी तोललेलं होतं. आम्ही तो फोडला. खालचा थर भेगाळ होता. पहिल्या पावसाळ्यात डोह काठोकाठ भरला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि मार्गशीर्षात खडखडाट. त्या डोहात म्हणे बहात्तरच्या दुष्काळातही गुडघाभर पाणी होतं. एक म्हातारी काठावर उभी राहून मला एवढंच म्हणाली, "आसरांना इचारलं व्हतं का?" मी तेव्हा हसलो होतो. आता हसत नाही.

आसरा कोण हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सात आसरा, जलदेवता, डोहाच्या किंवा विहिरीच्या कडेला शेंदूर नाहीतर हळदीकुंकू लावलेले सात दगड असतात ओळीने, हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, कधी दहीभात. त्या म्हातारीला भूगर्भशास्त्र येत होतं असं मी म्हणणार नाही, उगाच आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं असं म्हणायची फॅशन मला आवडत नाही. पण नंतर मी एक सवय लावून घेतली, कुठल्याही गावात गेलो की आधी आसरांची ठिकाणं विचारतो आणि नकाशावर टिंबं देतो. बऱ्याच ठिकाणी ती टिंबं बारमाही झऱ्यावर किंवा न आटणाऱ्या डोहावर पडतात. कारण सरळ आहे, जिथे उन्हाळ्यातही पाणी असायचं तिथेच लोकांनी देव मांडला. आणि देव मांडला की नियम आले. इथे चपला घालून जायचं नाही, इथे गुरं धुवायची नाहीत, इथे मासे मारायचे नाहीत, इथला दगड हलवायचा नाही.

माझं म्हणणं जे काय आहे ते इथे आहे. आपल्याकडे नदीबद्दलची श्रद्धा म्हणजे नुसता नमस्कार कधीच नव्हता, त्याच्यासोबत काय करायचं नाही याची यादी असायची. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथे वरदायिनी देवीच्या नावाने डोहातले मासे राखलेत, महसीर, हात लावत नाही कुणी. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेवर तसंच, महादेवाचे मासे. कोकणात आणि घाटमाथ्यावर कितीतरी झरे देवराईच्या पोटातून निघतात, तिथे सुकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक. आज आपण नमस्कार ठेवला आणि यादी टाकून दिली. नदीची ओटी भरायची आणि त्याच रात्री पात्रात नवा बोअर पाडायचा, हे दोन्ही एकच माणूस करतो आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

यादी टाकून दिली की काय होतं ते मोठ्या तीर्थांवर बघा. नाशकात आणि खाली पार मराठवाड्यापर्यंत गोदावरीला गोदावरी कुणी म्हणतच नाही, 'गंगा' म्हणतात, 'गंगेला पाणी आलं' म्हणतात, इतकी श्रद्धा. त्याच नाशकात रामकुंड परिसरात सोयीसाठी, गर्दीसाठी काँक्रीट ओतलं, जुन्या कुंडांचे तळ आणि त्यातले झरे त्याखाली गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं आणि टँकरने पाणी आणून भरायची वेळ आली. मग कोर्टकचेऱ्या, मग काँक्रीट काढायच्या गोष्टी. वर गंगापूर धरण आहे, दुष्काळ होता, सगळं मान्य, झरे मोकळे असते तर कुंड भरलं असतं असाही माझा दावा नाही. पण ज्या कुंडात लोक अस्थी घेऊन येतात त्याचा तळ आपण सिमेंटने बंद केला हे तर खरं ना. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस येतो तो सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलाय, वरच्या शहरांचं सांडपाणी, साबण, कारखान्यांचं काय काय, बंधाऱ्यावरून पडलं की फेसाळतं, आणि वारकरी त्यातच डुबकी मारतो कारण त्याच्यासाठी ती माऊलीची इंद्रायणी आहे. त्याची श्रद्धा कमी आहे असं कोण म्हणेल? पण त्या डुबकीने वरचा एक पाइपही बंद होत नाही.

म्हणून 'श्रद्धेने नदी वाहती होते का' याला माझं उत्तर, नाही. पण गावाने स्वतःवर बंधन घालून घ्यायचं असेल तर श्रद्धेइतकी जोर लावणारी दुसरी गोष्ट मला वीस वर्षांत सापडलेली नाही. सरकारी जीआरने कुणी बोअर थांबवलेला मी पाहिला नाही, देवळात बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ पाळलेली दोन गावांत पाहिलीय. एका तिसऱ्या गावात मोडलेलीही पाहिलीय, सरपंचाच्याच मेव्हण्याने मोडली, ते असो.

राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या अरवरी नदीचं उदाहरण सगळे देतात, राजेंद्र सिंह आणि तरुण भारत संघाचं काम. जोहड बांधले, म्हणजे मातीचे छोटे बांध, आणि नदी वाहायला लागली, इथपर्यंतच सांगतात. पुढचं सांगत नाहीत. १९९९ मध्ये तिथल्या ७० गावांनी अरवरी संसद बसवली आणि नियम केले, जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन, उपशावर बंधन. पाणी आल्यावर त्याचं काय करायचं यावर बसून बोलले म्हणून ते टिकवता आलं. आपल्याकडे हिवरे बाजार, तिथे नदीची आरती नाही पण शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही आणि पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाऊस तिथेही कमीच पडतो.

बरं, मग आरती करायची का? करा की. पण वाराणसीची नक्कल नको, ते मोठमोठे दिवे आणि साउंड सिस्टिम आणि पाच पुजारी, त्यात ११ लाखांतले दोन लाख पहिल्याच वर्षी जातील आणि गावातल्या बाया प्रेक्षक होतील. तुमच्या गावात आधीच काहीतरी असेल, नदीला पहिलं पाणी आलं की ओटी भरणं, कार्तिकात दिवे सोडणं, यात्रेला देवाला नदीवर आंघोळ घालणं, तेच मोठं करा. वाईला कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर पाळीपाळीने होतो, प्रत्येक आळीला वाटतं ही आपल्या घरची म्हातारी आहे आणि आता आपली पाळी. ते बघून या एकदा.

आणि त्यात माझी एक आवडती युक्ती घाला. त्रिपुरी पौर्णिमेला द्रोणात दिवे सोडता ना? नदीचा एक सरळ तुकडा निवडा, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, मधलं अंतर २० मीटर. दिवा पहिल्या खुंटीपाशी आला की शाळेतल्या पोराने मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करायचं, दुसरीपाशी गेला की बंद. वारा नसलेली वेळ बघा आणि पाचसहा दिव्यांची सरासरी घ्या, एखादा दिवा कडेच्या गवतात अडकतोच. समजा १०० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला २० सेंटीमीटर. पात्रातल्या पाण्याची रुंदी ३ मीटर, काठी बुडवून तीनचार ठिकाणी खोली मोजली, सरासरी २० सेंटीमीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात चालतं म्हणून वेगाला ०.८ ने गुणायचं. उत्तर येतं सेकंदाला ९६ लीटर, दिवसाला जवळपास ८३ लाख लीटर. हा आकडा देवळाच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा, वर्षासकट. पुढच्या त्रिपुरीला परत. पाणीच नसेल तर शून्य लिहा, लाजू नका, शून्य लिहिलेली भिंत लोकांना जेवढी टोचते तेवढं माझं कुठलंही व्याख्यान टोचलेलं नाही. एका गावात तीन वर्षं शून्य होतं आणि चौथ्या वर्षी ११ लीटर आलं, तर पोरांनी फटाके उडवले, नदीकाठी फटाके उडवू नका असं मी म्हणणार होतो पण गप्प बसलो.

तसंच अक्षय्य तृतीयेला गावातल्या निवडक २०-२५ विहिरींची पाण्याची लेव्हल टेपने मोजायची, वहीत लिहायची. सण ठरलेला असला की कुणाला आठवण करावी लागत नाही. ही दोन मापं तीन वर्षं हातात आली की तुमच्या नदीचं दुखणं नेमकं कुठे आहे ते माझ्यासारख्या माणसाशिवायही कळेल.

'जिवंत व्यक्ती'चा ठराव, त्याबद्दल दोन ओळी. २०१७ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला होता आणि काही महिन्यांतच सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचं वजन त्याहून कमीच असणार. करायचा तर करा, पण ठरावात नदीच्या वतीने बोलणार कोण आणि तिच्या वाट्याचं पाणी किती हे लिहा. ज्वारीला इतकं, प्यायला इतकं, तसं नदीला इतकं, निदान मकरसंक्रांतीपर्यंत वाहील एवढं. हे न लिहिता नुसतं 'आई' म्हणून ठराव केला तर तो फ्रेम करून ऑफिसात लागेल.

घाटाचं सांगायचं तर पैसे त्यात घालू नका, आत्ता तरी. नदीचं पात्र सरकारी असतं, बांधकामाला परवानग्या लागतात, आणि काठाला भिंत आणि फरशी घातली की काठातून येणारा पाझर अडतो, पुराला जागा कमी होते. कोरड्या नदीला बांधलेले घाट मी पाहिलेत, दुपारी त्यावर पत्ते चालतात. बाया धुण्याला किंवा ओटीला उतरतात तिथे घडीव दगडाच्या चारसहा पायऱ्या पुरेत, त्याही सिमेंटने लिंपू नका.

११ लाखांचं मी असं केलं असतं. मोठा वाटा वर, डोंगराच्या अंगाला, सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर, घळींमध्ये दगडी बांध, जुना पाझर तलाव असेल तर त्याचा गाळ काढून रानात टाकणं, गाळ शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने नेतो म्हणजे निम्मा खर्च वाचतो. जुने कोल्हापुरी बंधारे असतील तर बघा, माझा अनुभव असा की दहातल्या सातांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, चोरीला गेलेले नाहीतर सडलेले असतात, ते नवीन बसवणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात दुर्लक्षित. थोडे पैसे विहिरींच्या मोजणीला आणि एकदा चांगल्या भूजलाच्या माणसाकडून थर तपासून घ्यायला ठेवा. निर्माल्याला काठावर एक मोठा खड्डा, त्याचं खत होतं, आणि गणपती शाडूचे. पीओपी पाण्यात विरघळत नाही, तुमच्या आटत्या डोहात तर पुढच्या वर्षीपर्यंत हातपाय तुटलेले गणपती बघावे लागतील, त्यापेक्षा मोठी विटंबना कोणती.

जेसीबी अजिबातच नको असं नाही हं. पात्रात खरोखर वाहून आलेला गाळ साचला असेल तर तेवढा जरूर काढा, पण मूळ तळ लागला की थांबायचं. शिरपूर पॅटर्नचं, म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला नाले खोल-रुंद करून पाणी अडवलं त्या पद्धतीचं, नाव घेऊन लोक सगळीकडे खोदतात, तिथे काही भागात तापीकाठचा जाड गाळाचा प्रदेश आहे, तुमच्याकडे चार फुटांवर दगड असेल तर ते तसंच्या तसं चालणार नाही. आणि रुंदीकरण तर नकोच, काठची करंज, उंबर, जांभळं, वाळुंज गेली की काठ ढासळतो आणि पुढच्या दोन पावसात तेवढाच गाळ परत येतो.

तुम्ही लिहिलंय की मशीन सोमवारी येणार आहे आणि ॲडव्हान्सही दिलाय. मग असं करा, मशीनवाल्याला वर पाझर तलावाच्या गाळावर लावा, पैसे वाया जाणार नाहीत. आणि पात्रात कुठे हात लावायचाच असेल तर आधी एक माणसाएवढा चाचणी खड्डा हाताने घ्या, डोहापासून लांब, आणि प्रत्येक फुटाला काय लागतं ते लिहून ठेवा, माती, वाळू, चिकट गाळ, मुरूम, दगड. त्याचा फोटो शेजारी टेप धरून काढा आणि इथेच टाका, मी बघून सांगतो. सोबत गावात आसरांची ठिकाणं किती आहेत आणि कुठे, तेही एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारून लिहा, पुरुषांना बहुतेक वेळा माहीत नसतात.